मोजून न्या, मोजून आणा

माझं दुकान मोटार रिवायंडिंगचं. जळालेल्या मोटारी, पंखे, कूलर यांना नवी तार भरून द्यायची. दुकानात एक कोपरा असा आहे, की तिथं गिऱ्हाईक मोटार टाकून जातं आणि परत येतच नाही. आपण आपली ती पुसून ठेवायची. काही वर्षांनी बघावं तर पाय ठेवायला जागा उरत नाही. किस्स्यांचं तसंच असतं. आमच्या फुटबॉल क्लबचे किस्से असेच साचत गेले. पोरं ते हसत हसत सांगतात. मी सांगतो तेव्हा अजून तळहाताला घाम येतो.

कारण मी मुळात भित्रा माणूस. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी चिडवायला नको. मी विंचवाला भितो, पाण्याला भितो, उंच शिडीला भितो, मोठ्यानं बोलणाऱ्या बायांना तर लईच भितो. विजेच्या धंद्यात असून मला आजवर एकदाही शॉक बसला नाही, तो हुशारीमुळं नव्हे, भीतीमुळं. असा माणूस सात वर्षं दुसऱ्यांची लेकरं नदीच्या पात्रात खेळवून राहिला, आता बोला!

* * *

सुरुवात शटरपासून झाली. आमची वस्ती नांदेडजवळ, विष्णुपुरीच्या धरणाच्या खालच्या अंगाला. गल्लीतली पोरं रस्त्यावर फुटबॉल खेळायची. एक दिवस चेंडू माझ्या नव्या शटरवर बसला आणि थाळीएवढा पोचा पडला. मी चेंडू उचलला आणि दुकानात कुलूप लावून ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा कुणावर तरी रुबाब केला होता, बरं वाटलं.

संध्याकाळी सुमनबाई आल्या. अंगणवाडीत मदतनीस, आवाज असा की तिकडं लेकरं झोपायची ती भीतीनंच झोपत असतील. मागं त्यांची पोरगी रेणुका, तेव्हा सात वर्षांची. मला वाटलं चेंडू मागायला आल्या. त्या म्हणाल्या, चेंडू राहू द्या, रस्त्यावर ट्रक येतेत, तुम्ही पोरांना खाली नदीत घेऊन जा आणि तिथं उभं राहा.

मी म्हणालो, मला फुटबॉल येत नाही. त्यांनी विचारलं, उभं राहता येतं ना? मी म्हणालो, दुकान आहे. त्या म्हणाल्या, दुकानाला शटर आहे. पाणी ओसरलं की घाटाच्या खाली वाळू-मुरमाचा सपाट पट्टा उघडा पडतो, वस्तीला मोकळी जागा तेवढीच. मला नदीची भीती वाटत होती, पण नदी लांब होती आणि सुमनबाई समोर.

त्यांनी पोरं माझ्या दुकानापुढं ओळीनं उभी केली. एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजलं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "अकरा हायेत. मोजून न्या, मोजून आणा."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. कारण मला मागाहून कळलं. त्यांचा धाकटा भाऊ ह्याच नदीत गेला होता. पाच जण पोहायला उतरले, चार जण घरी आले, आणि जेवायला बसेपर्यंत कुणाच्या ध्यानातच आलं नाही की एक कमी आहे.

त्या दिवसापासून क्लबचा नियम पडला. खेळ संपला की वरच्या पायरीवर मी उभा. प्रत्येक पोरानं माझ्या हाताखालून जायचं. गल्लीच्या तोंडाशी सुमनबाई थांबलेल्या असायच्या. त्या विचारायच्या, "किती?" मी सांगायचो, "जितकी नेली तितकी." मग त्या वळून घरी जायच्या. क्लबनं आजवर कप जिंकलेला नाही, पण हे उत्तर एकदाही चुकलेलं नव्हतं. ते चुकेल ह्या भीतीनं मला रात्री पोरं मोजायची स्वप्नं पडायची.

* * *

रेणुका गोलकीपर झाली, कारण बाकी कुणाला व्हायचं नव्हतं. पण तिनं ते असं मनाला लावून घेतलं की विचारू नका. तिच्यावर गोल झाला म्हणजे घरात चोर शिरल्यासारखं तिला व्हायचं. दोन-दोन दिवस नीट जेवायची नाही. सुमनबाई मलाच येऊन झापायच्या, तुमच्या गोलापायी माझी पोरगी वाळून चालली.

गोलाला आम्ही भोयांनी दिलेलं फाटकं मासे धरायचं जाळं बांधायचो. एका रविवारी वरच्या कॉलनीतल्या पोरांशी मॅच होती. खेळ सुरू झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की रेणुकाच्या मागं जाळ्यात साप अडकलाय. चांगला हातभर लांब, वळवळून राहिलेला. मला कळेपर्यंत मी घाटाच्या आठ पायऱ्या चढून गेलेलो होतो. पाय आपोआप चढले, मी त्यांना सांगितलं नव्हतं.

तिथून मी ओरडलो की पोरी, वर ये. ती जागची हलली नाही. म्हणाली, "सर, तो माझ्या मागं हाय, त्याची काय भीती? मला पुढून येणाऱ्यांची भीती."

पुढून कोण येणार होतं? कॉलनीतली पोरं अर्ध्या मैदानाच्या अलीकडं यायला तयार नव्हती. मॅच शून्य-शून्य सुटली. मग भोयी मामा आले, त्यांनी विळ्यानं जाळं कापलं, बिनविषारी धामण आहे म्हणून सांगितलं आणि झुडपात सोडून दिली. पूर्ण मॅचभर रेणुकावर एकही गोल न होण्याची ती पहिली वेळ. मी त्या रात्री जेवलो नाही. ती पोटभर जेवली.

पुढच्या रविवारी मॅचच्या आधी ती माझ्याजवळ आली आणि हळूच विचारलं, "सर, तसला साप आणखी कुठं मिळंल?"

* * *

सापापेक्षा मला बापांची भीती जास्त. एका पोराचे वडील नोकरदार. पहिल्याच दिवशी अट घालून गेले की आमच्या पोरानं चेंडू डोक्यानं मारायचा नाही. दहावीनंतर त्याला लातूरला टाकायचंय, डॉक्टर करायचंय, डोकं जपलं पाहिजे. मी भीतभीत हो म्हणालो.

ही बातमी वस्तीत पसरली. दुसऱ्या दिवशी दुसरा बाप आला. त्याचं डोकं डोकं, आणि आमच्या पोराचं काय खोबरं हाय का? मग तिसरा आला. आठवड्याभरात आमच्या निम्म्या टीमला हेडिंग बंद झालं. चेंडू वरून आला की पाच जण एकदम खाली वाकायचे. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, नदीला नमस्कार करून राहिलेत.

गंमत अशी की आमच्या क्लबचा स्पर्धेतला पहिला गोल ह्यामुळंच झाला. कॉर्नरचा चेंडू आला, आमचे पाचही डॉक्टर वाकले. त्यांच्या मागं समोरच्या टीमचा एक लंबू उभा होता, त्याला चेंडू दिसलाच नव्हता. चेंडू थाडकन त्याच्या कपाळावर बसून त्याच्याच गोलात गेला. असा स्वतःच्या गोलात गेलेला चेंडू समोरच्यांच्या नावावर धरतात, म्हणजे आमच्या. नोकरदार बाप उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. म्हणाले, "बघा सर, डोकं वाचवून बी गोल होतो!"

सगळे नाचत होते, रेणुका तेवढी नाही. तिचं लक्ष त्या लंबूकडं. तो खाली मान घालून बसला होता. परत येताना ती मला म्हणाली की सर, आपल्याच गोलात आपल्याच हातून गोल झाल्यावर माणसानं घरी तोंड कसं दाखवायचं? मी म्हणालो, तू कशाला फिकीर करतीस, तुझ्याकडून तसं कधी व्हायचं नाही.

* * *

आता लातूरचा किस्सा. हा सांगताना मी पाणी पिऊन घेतो.

लातूरला स्पर्धा होती. आमची सोळा पोरं, सगळ्यांचे शर्ट पिवळे. आम्ही पहिल्याच मॅचमध्ये एका निळ्या शर्टवाल्या लातूरच्या टीमकडून हरलो. एसटीत बसताना मी मोजलं, सोळा. गाडी सुटली. अहमदपूरच्या स्टँडवर पोरं वडापाव खायला उतरली. मी पुन्हा मोजलं, सोळा. जरा निवांत होऊन चहा घेतला.

तेवढ्यात एका पिवळ्या शर्टानं माझी बाही ओढली आणि विचारलं, "काका, गोदावरी अजून किती लांब हाय?"

आमची पोरं मला सर म्हणतात. मी त्याचं तोंड बघितलं. हे पोरगं मी जन्मात बघितलेलं नव्हतं. माझ्या हातातला चहा कपात राहिलाच नाही, सगळा पँटवर.

तो समाधान. निळ्या टीमचा. आमचा गजू कुठाय, म्हणून विचारलं तर म्हणाला, तो त्याच्या मावशीकडं गेला. दोघांनी मॅच झाल्यावर ठरवून शर्ट बदलले होते. गजूला मावशीकडं एक दिवस राहायचं होतं आणि ह्याला नदी बघायची होती. नुसती नदी. "आमच्या नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतंय," तो म्हणाला. "गजू म्हणला तुमच्याकडं वाहून राहिलंय." बरं, पकडले जाल अशी भीती नाही वाटली का? तर नाही. दोन्हीकडचे सर शर्ट मोजतात, तोंडं कोण बघतंय, असा त्यांचा हिशोब. आणि तो बरोबर होता, हीच तर पंचाईत!

मी तिथंच फलाटावर बसलो. माझ्या डोळ्यांपुढं गल्लीचं तोंड आणि सुमनबाई. लातूरच्या सरांना फोन लावला. ते ठणकावून म्हणाले, माझी सगळी होती, घरी सोडताना मी स्वतः पंधरा मोजली. मी म्हणालो, नाव घेऊन मोजली का? त्यांनी फोन न ठेवताच जीपवाल्याला हाक मारली.

दोन-अडीच तासांनी ते सर जीप करून गजूला घेऊन अहमदपूरला आले. गजूच्या ओठाला अजून मावशीची बासुंदी होती. दोन्ही पोरांनी स्टँडवर शर्ट काढून एकमेकांना दिले. समाधान जीपमध्ये बसताना रडायला लागला, कारण नदी राहिलीच. मला त्याची दया आली. म्हणालो, रडू नको, तुझी पूर्ण टीम घेऊन ये, मी दाखवतो नदी. भित्र्या माणसानं कधी दया करू नये.

गल्लीच्या तोंडाशी सुमनबाई होत्याच. "किती?" मी म्हणालो, "जितकी नेली तितकी." त्यांनी माझ्या पँटवरच्या चहाच्या डागाकडं बघितलं आणि वळून घरी गेल्या. त्या दिवसापासून मी शर्ट मोजत नाही. डोक्यावर हात, तोंडाकडं नजर, आणि नाव.

* * *

पात्रात वारं लई. माझी शिट्टी पोरांना ऐकू यायची नाही, किंवा आली तरी यायची नाही. मग मी माझी कला दाखवली. एका कापसाच्या जिनिंगवाल्याचा जुना भोंगा दुकानात पडून होता. त्याला नवी तार भरली, बॅटरी जोडली आणि पिशवीत बसवला. बटन दाबलं की असा वाजायचा की पलीकडच्या काठावरची म्हैस मान वर करायची. भोंगा वाजला म्हणजे वेळ संपली.

पण आमच्या पोरांची एक जुनी रीत. वेळ संपली की खेळ संपत नाही, "आखरी गोल" सुरू होतो. आधीचे सगळे गोल रद्द. नऊ-शून्य असलं तरी रद्द. पुढचा गोल जो मारेल तो जिंकला, आणि तो गोल झाल्याशिवाय कुणीही मैदान सोडायचं नाही. भोंगा वाजला की पोरं "आखरी गोल!" ओरडायची आणि अंगात आल्यासारखी खेळायची. त्या वेळी कानाशी ढोल वाजवला तरी त्यांना पत्ता लागत नसे.

सुमनबाईंनी मला एकदाच विचारलं की धरणाचाही भोंगाच असतोय, पाणी सोडताना तो वाजला तर लेकरांना कळंल का? मी लगेच पोरांना गोळा करून विचारलं, धरणाचा भोंगा लांबलचक असतो, आपला आखूड, फरक कळतो ना? सगळी एका सुरात म्हणाली, "हाव सर." आमच्या पोरांना काहीही विचारा, ती हाव म्हणतात. हे मला माहीत होतं. तरी मी तो हाव घेऊन घरी आलो, कारण मला तोच ऐकायचा होता.

* * *

आणि मग लातूरची टीम आली.

दसरा होऊन गेला होता. आभाळ स्वच्छ, ऊन कडक, पट्टा कोरडा ठणठणीत. पाऊस वर कुठंतरी पडत होता, आमच्याकडं थेंब नाही. ग्रामपंचायतीचा मेसेज सकाळीच ग्रुपवर आलेला होता की पाणी सुटणार आहे, पात्रात उतरू नका. मी तो बघितला नाही. मी पाहुण्यांसाठी पोहे करून राहिलो होतो.

पंधरा ती, सोळा आमची. एकतीस. उतरताना लातूरच्या सरांनी आणि मी दोघांनी नाव घेऊन मोजलं. समाधान नदीच्या धारेकडं बघून म्हणाला, एवढीच का? ती लांब, पलीकडच्या अंगाला बारीक वाहत होती. मला मनातून बरं वाटलं.

मॅच रंगली. आमचे दोन गोल झाले आणि रेणुकानं एकही होऊ दिला नाही. सापाच्या दिवसानंतर पहिल्यांदा. तिचं तोंड असं फुललेलं मी कधी बघितलं नव्हतं. संपायला थोडा वेळ होता. लातूरचे सर खाली थांबले आणि मी पाहुण्यांसाठी पाण्याचा जार आणायला वर गेलो. भोंग्याची पिशवी रेणुकाच्या गोलाजवळ ठेवलेली असायची. पोरं उगं बटन दाबतील म्हणून ती खांद्याला अडकवून घेतली.

जार दोन्ही हातांत धरून मी वरच्या पायरीवर आलो, आणि भोंगा वाजला.

मी खांद्याकडं बघितलं. पिशवी गप्प होती. भोंगा वाजतच होता, लांबलचक, धरणाकडून.

खालून एकतीस पोरांचा आवाज आला, "आखरी गोल!"

जार माझ्या हातातून सुटला आणि पायऱ्यांवरून गडगडत गेला. मी ओरडलो. शिट्टी मारली. पिशवीतला भोंगासुद्धा दाबला, मूर्खासारखा, तर पोरं अजूनच जोरात पळायला लागली. काठावर बसलेली पोरंही नाचत ओरडत होती. लातूरच्या सरांना वाटलं हीच इथली रीत, तेही टाळ्या वाजवून राहिले. पलीकडची बारीक धार आता बारीक नव्हती. ती तपकिरी झाली होती आणि रुंद होत आमच्या पट्ट्याकडं येत होती. मी पायऱ्या उतरत होतो, आणि माझे पाय, जे सापाला बघून आपोआप वर चढले होते, ते एकेका पायरीला अडत होते.

चेंडू रेणुकाच्या हातात होता. समोरून समाधान पळत येत होता. तिनं चेंडू मारायला वर बघितलं आणि तिला मी दिसलो. ओरडणारा, जार सोडून दिलेला. तिनं धरणाकडं बघितलं. मग पाण्याकडं.

ती ओरडली असेल, तिचंही कुणी ऐकलं नसेल. मग ती मागं वळली, आणि दोन्ही हातांनी चेंडू स्वतःच्याच जाळ्यात फेकला.

सगळं थांबलं. आमची पोरं तोंडं उघडी टाकून उभी राहिली. लातूरवाल्यांनी जिंकलो म्हणून उड्या मारायला सुरुवात केली, पण खेळ संपला होता आणि खेळ संपला की पोरांना ऐकू येतं. रेणुका एवढंच म्हणाली, "धरणाचा हाय. पळा."

वरच्या पायरीवर मी उभा राहिलो. डोक्यावर हात, तोंडाकडं नजर, नाव. मी इतक्या घाईनं हात ठेवत होतो की पोरांना वाटलं मी टपल्या मारतोय. तीस. पुन्हा मोजलं. तीस. तेवढ्यात दिसलं, समाधान अगदी खालच्या पायऱ्यांवर उभा होता. आमच्या गोलाचे बांबू आणि जाळं घेऊन पाणी त्याच्यापुढून चाललं होतं. मी खाली गेलो. पाण्याच्या शेजारी जाऊन त्याचा दंड धरला.

तो म्हणाला, "काका, एवढं सगळं पाणी कुठं चाललंय?"

"तेलंगणात. तू वर चल."

सुमनबाई अंगणवाडीतून अनवाणी पळत आल्या. धापा टाकत विचारलं, "किती?"

मी म्हणालो, "जितकी नेली तितकी."

त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला नाही. आमची, लातूरची, सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवत त्या मोजत गेल्या. शेवटी राहिली रेणुका. ती भिंतीकडं तोंड करून पायरीवर बसलेली, गुडघ्यात डोकं घातलेलं. सुमनबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "एकतीस."

रेणुकानं मान वर केली नाही. म्हणाली, "आई, माझ्या हातानं गोल झाला."